चित्रगुहेतली शेकोटी

"मास्तर, पाण्याकडे बघू नका. माझ्या तोंडाकडे बघा," असं म्हणत कुलूपताईने म्हाताऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं. सकाळी हाच ओढा चौघांनी बूट हातात घेऊन, थट्टामस्करी करत पार केला होता. वर डोंगरात कुठेतरी ढग फुटला असावा. घळीत पावसाचा थेंब पडायच्या आधीच पाणी गढूळ झालं, मग त्याचा आवाज बदलला, आणि ती "मागे फिरा" म्हणेपर्यंत मागे फिरायला वाटच उरली नव्हती. मास्तरांची लेक आणि जावई कसेबसे खडकावर चढले. मास्तर मधेच राहिले. पाय सटकला, डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. जावयाने पोटावर आडवं होऊन त्यांची कॉलर पकडली, ताईने मनगट पकडलं, आणि दोघांनी मिळून त्यांना ओल्या पोत्यासारखं वर ओढून घेतलं.

"लागलं का कुठे, बाबा?" लेक विचारत होती.

"चष्मा गेला," मास्तर म्हणाले. दात इतके वाजत होते की तेवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

आता पाऊसही घळीत उतरला होता. बर्फासारखा गार, तिरपा पाऊस. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे वाढतं पाणी, आणि ते उभे होते तो खडक फार वेळ कोरडा राहणार नव्हता. ताईने वर पाहिलं. पाण्याच्या वर, वाऱ्यापावसापासून आडोसा असलेली एकच जागा या घळीत होती. ती तिला डोळे मिटूनही सापडली असती. पण तिथे माणसं न्यायची नव्हती. तिथे माणसं जाऊ नयेत म्हणून तर तिला पगार मिळत होता.

राष्ट्रीय उद्यानात ती रक्षक म्हणून लागली तेव्हा विशीतली होती. आता केस पिकले होते. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. सगळं उद्यान तिला कुलूपताईच म्हणे. चित्रगुहेच्या जाळीच्या दाराला कुलूप लावलं की ती ते ओढून पाहायची, चार पावलं चालायची, परत येऊन पुन्हा ओढून पाहायची. नवरा उद्यानाची बस चालवायचा. तो म्हणायचा, "आमच्या घराची कडी राहील उघडी, पण गुहेचं कुलूप ही झोपेतसुद्धा तपासून येईल."

गुहेत भिंतभर लाल आणि तपकिरी चित्रं होती. नदी उतरणारा जनावरांचा कळप, त्यांच्या मागे धावणारी काडीसारखी माणसं, आणि सगळ्यांत वर रुंद शिंगांचं एक थोरलं जनावर, जे आता पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही. ते कधीकाळी या डोंगरांत चरत होतं, हे लोकांना आधी त्या चित्रामुळे कळलं. हाडं नंतर सापडली. खाली जमिनीत एक चर खणलेला होता. त्यात जुन्या चुलींच्या राखेचे थर केकसारखे एकावर एक दिसायचे. त्यातल्या कोळशावरून माणसं इथे केव्हा राहून गेली ते ठरायचं, आणि मातीतल्या परागकणांवरून तेव्हा बाहेर कोणती झाडं फुलत होती ते. हे सगळं ताईला संशोधक मॅडमनी सांगितलेलं. मॅडमची अर्धी हयात त्या भिंतीसमोर गेली होती. परांचीवर बसून, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून त्या चित्रांवरची काजळी टिपायच्या. एक हरीण मोकळं करायला त्यांना दोन उन्हाळे लागले होते.

माणसांच्या श्वासाच्या ओलीने भिंतीला बुरशी धरते, म्हणून पाहुण्यांना आत सोडत नसत. जाळीतून बघायचं आणि परतायचं. सकाळी मास्तरांनी हळूच विचारलं होतं, "आत नाही का हो सोडत? चाळीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने काढून दाखवायचो ही शिंगं. म्हटलं, एकदा जवळून बघावं."

"जाळीतून दिसतं की, मास्तर," ती म्हणाली होती. "किल्ली माझ्याकडे आल्यापासून माझा सख्खा बापही आत आलेला नाही."

हे तिने हसत सांगितलं खरं, पण ते खरंच होतं. तिचा बाप, आप्पा, मेंढपाळ. उद्यान होण्याआधी थंडीच्या दिवसांत तिच्या घराण्यातली माणसं मेंढरं घेऊन याच गुहेत राहायची. मग उद्यान झालं, मेंढपाळांना फाटकाबाहेरच्या वसाहतीत घरं मिळाली, आणि गुहेपाशी एक पाटी लागली. आप्पांना वाचता येत नसे. शाळकरी लेकीला त्यांनी तिथवर नेलं आणि म्हणाले, "वाच गं, काय लिहिलंय आपल्या गुहेबद्दल." तिने मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं: मेंढपाळांच्या चुलींच्या धुराने चित्रांच्या मोठ्या भागाची हानी झाली आहे. आप्पा थोडा वेळ पाटीकडे पाहत राहिले. "आमच्या चुलींच्या?" एवढंच म्हणाले. त्यानंतर ते कधी त्या वाटेला गेले नाहीत, आणि तिने त्यांना गुहेबद्दल कधी काही विचारलं नाही. जी गोष्ट घरात लाजेची झाली तिची राखण करण्यात तिचा सगळा जन्म गेला.

तिने बिनतारी यंत्र तोंडाजवळ धरलं. "साहेब, घळीत पाणी आलंय. तिघं पाहुणे आहेत. एक म्हातारे पाण्यात पडले होते. चित्रगुहेत नेते त्यांना."

यंत्र खरखरलं. मग अधीक्षकसाहेबांचा आवाज आला. "ने. पण खालचा पूल गेलाय. माणसं वरच्या वाटेने पाठवतोय, अंधार पडायच्या आत पोचतील. आणि ऐक, आत आग नको. काहीही झालं तरी आग नको. कळलं का?"

"कळलं, साहेब."

मास्तरांना वर चढवणं म्हणजे दिव्य होतं. जावई खालून ढकलत होता, ताई वरून ओढत होती, लेक एकेक पाऊल सांगत होती. "डावा पाय, बाबा. आता उजवा. इथे खाच आहे." मास्तरांच्या बोटांना काही धरवत नव्हतं. वर पोचल्यावर ताईने कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. पाहुण्यांसाठी तिने ते पहिल्यांदाच उघडलं होतं. हात गारठल्यामुळे किल्ली नीट फिरेना.

आत पाऊस नव्हता, पण वारा होता. मास्तरांचे ओले कपडे काढले. कोरडं असं कुणाजवळ काहीच नव्हतं. सगळ्यांच्या पिशव्या ओढ्याने नेल्या होत्या. जावयाने इकडेतिकडे पाहिलं आणि चरावर झाकलेला प्लास्टिकचा कागद ओढून काढला.

"अहो, तो नको," ताईच्या तोंडून निघून गेलं. मग तिनेच कागदाचं दुसरं टोक धरलं. "चराच्या कडेला पाय देऊ नका फक्त. माती ढासळते."

कागदात गुंडाळून मास्तरांना मधे घेतलं आणि तिघं त्यांना चिकटून बसली. जावई त्यांचे हात जोरजोरात चोळू लागला, तसा तिने त्याचा हात धरला. "चोळायचं नाही. गार रक्त एकदम काळजाकडे जातं. नुसतं चिकटून बसा." हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं, एका उबदार खोलीत, चहा पिता पिता. गरम पाणी पाजायचं, कोरड्या पांघरुणात ठेवायचं, असंही शिकवलं होतं. त्यातलं इथे काय होतं?

मास्तर थडथड उडत होते. ती थडथड तिला आपल्या खांद्यात जाणवत होती. बाहेर उजेड कमी होत चालला. तिने यंत्रावर पुन्हा हाक मारली. कुणाचा तरी तुटक आवाज आला: वरच्या वाटेवर दरड... वळसा... उशीर... मग नुसती खरखर. मग तीही थांबली. यंत्रात पाणी गेलं होतं.

बराच वेळ गेला. मग लेक हळूच म्हणाली, "ताई, बाबांची थरथर थांबली. बरं वाटतंय बहुतेक त्यांना."

ताईने मास्तरांच्या गालाला हात लावला. ओल्या दगडासारखा गाल. थरथर थांबली म्हणजे अंगातला जाळ विझत आला. हेही त्याच उबदार खोलीत शिकवलं होतं.

"मास्तर, मी कोण आहे?"

मास्तरांनी डोळे उघडले. "मागच्या बाकावरचे," जड जिभेने ते म्हणाले, "नकाशे उघडा." मग अंगावरचा कागद बाजूला सारू लागले. "उकडतंय."

"बाबा, असं काय करताय?" लेकीचा आवाज फुटला. तिला आता काहीतरी उमगलं होतं. "ताई, हे असं का बोलतायत?"

ताई उठली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. उजेड इतका कमी होता की चित्रं दिसत नव्हती, पण कोणतं कुठे आहे ते तिला पाठ होतं. डावीकडे परांची उभी होती. रोगण लावलेल्या कोरड्या, जाड फळ्या. खाली पत्र्याच्या पेटीत मॅडमचे कापसाचे गठ्ठे आणि स्पिरिटच्या बाटल्या. घळीत सगळं ओलंचिंब असताना जळण्याजोगं तेवढंच होतं, आणि त्या फळ्यांचा धूर कसा तेलकट, चिकट असेल तेही तिला दिसत होतं.

"फळ्या काढा," ती जावयाला म्हणाली.

"पण साहेब नको म्हणाले ना? मी ऐकलं."

"साहेब तिकडे आहेत. मी इथे आहे."

"आणि पेटवायचं कशाने? तुमच्याकडे काडेपेटी..."

"उद्यानात काडेपेटी आणायची नसते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खचला. "नाहीये माझ्याकडे."

जावई क्षणभर बसून राहिला. मग त्याने आतल्या खिशातून प्लास्टिकची छोटी पिशवी काढली. तिच्यात सिगारेटी होत्या आणि लायटर होता. लेकीने त्याच्याकडे पाहिलं.

"सोडली होतीस ना तू?"

"घरी गेल्यावर भांड," तो म्हणाला.

ताईने आधी जाळीच्या बाहेर पेटवून पाहिलं. पावसाने ते लगेच विझवलं. मग जाळीच्या आत, अगदी दाराजवळ, डाव्या अंगाला तिने फळ्या रचल्या. म्हटलं, इथून धूर बाहेर जाईल. कापूस स्पिरिटमध्ये बुडवला, लायटर टेकवला, आणि भक्कन जाळ उठला. रोगण तडतडलं. धूर वर गेला, छताला लागला, थांबला, जणू कुठे जावं याचा विचार करतोय, आणि मग वाऱ्याने त्याला आत लोटलं. काळा, दाट धूर छताला धरून भिंतीवर उतरत गेला. तिने डोक्याचा ओला रुमाल सोडला आणि तो झटकत ती धुराच्या आड उभी राहिली, एखाद्याने पूर हाताने अडवावा तशी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराचं होतं की कशाचं, ते बघायला कुणाला सवड नव्हती.

"ताई, बसा इकडे," जावई म्हणाला. "त्याचा काही उपयोग नाहीये."

ती बसली. मास्तरांना जाळाच्या उबेत घेतलं होतं. लेकीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती त्यांच्याशी सारखी बोलत होती, घरातल्या गळक्या नळाबद्दल, शेजाऱ्यांच्या मांजराबद्दल, काहीही. बऱ्याच वेळाने मास्तर पुन्हा कापायला लागले. आधी बारीक, मग जोरात. ते कापणं पाहून ताईने डोळे मिटले. कुणी कापतंय म्हणून इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

फळी जळून खाली कोसळली तसा जाळ उंच झाला आणि सगळी भिंत उजळली. दिव्याच्या पांढऱ्या उजेडात तिने ती हजारदा पाहिली होती. जाळाच्या उजेडात पहिल्यांदाच. उजेड हलत होता तसे कळपाचे पाय हलत होते. माणसं धावत होती. वरचं थोरलं जनावर मान वळवून पाहत होतं, आणि त्याच्या पाठीवर काजळी चढत होती.

मास्तरांनी चष्मा नसलेले डोळे बारीक केले. "ही सगळी कोण?"

"चित्रं आहेत, बाबा," लेक म्हणाली.

"असं होय." ते थोडा वेळ पाहत राहिले. "बरीच गर्दी आहे."

ताईने भिंतीकडे पाठ केली आणि पुढची फळी आत सरकवली. माणसं दोर घेऊन पोचली तेव्हा उजाडलं होतं, परांची सगळी संपली होती, आणि मास्तर गरम पाणी मागत होते.

मॅडम दोन दिवसांनी आल्या. एकट्याच आत गेल्या, आणि बराच वेळ आतच होत्या. बाहेर येऊन दगडावर बसल्या. ताई समोर उभी होती.

"स्पिरिटपण वापरलंस?"

"हो."

"सगळं?"

"सगळं, मॅडम."

मॅडमनी हातमोजे काढले आणि मांडीवर एकावर एक ठेवले. "त्या जागी माझे वडील असते तर मीही..." त्या थांबल्या. "नाही. मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. तू जा आता. मला जरा बसू दे."

चौकशी झाली. आत जाण्याआधी साहेबांनी तिला बाजूला घेतलं. साहेब वाईट नव्हते. "हे बघ, पाऊस होता, यंत्र खराब झालं होतं. माझं शेवटचं वाक्य तुला ऐकू आलं नाही, असं सांग. मी नाही म्हणणार नाही."

समितीतल्या एकाने विचारलं, "आग लावू नये, हा आदेश तुम्हाला ऐकू आला होता?"

"आला होता."

"स्पष्ट?"

"स्पष्ट. मी 'कळलं' म्हणाले होते."

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं. तिची बदली फाटकावर झाली. तिकीट बघायचं आणि आडवा बांबू वर करायचा. गुहेची किल्ली तिने कमरेच्या कडीतून काढून द्यायची होती. कडी इतक्या वर्षांत घट्ट झाली होती. शेवटी साहेबांनीच ती पकडीने उघडली, आणि तेवढा वेळ खोलीतलं कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

त्या संध्याकाळी आप्पा अंगणात खाटेवर बसले होते. कानाने मंद झाले होते, पण बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"पेटवलीस म्हणे."

"हो, आप्पा."

"तिथे? आत?"

"हो."

"म्हातारा वाचला?"

"वाचला."

"मग झालं तर," आप्पा म्हणाले. नवरा बाकावर बसून बूट काढत होता. मग आप्पांनी विचारलं, "कुठल्या अंगाला पेटवलीस?"

"डाव्या. दाराजवळ."

आप्पांनी मान हलवली. "डाव्या अंगाला वारा आत शिरतो. उजव्या अंगाला, मागे जाऊन, छताला फट आहे बघ. तिथे पेटवली की धूर सरळ वर निघून जातो. आम्ही सगळे तिथेच पेटवायचो. माझी आजीपण तिथेच." त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. मेंढरं कुठल्या वाटेने न्यावीत हे सांगावं तसं ते सांगत होते. "मला विचारायचंस की कधीतरी."

ती आत गेली, भाकऱ्यांचं पीठ काढलं, आणि परातीसमोर नुसती बसून राहिली. नवऱ्याने येऊन पाहिलं, आणि स्वतःच पीठ मळायला घेतलं. त्याला ते येत नव्हतं. पाणी जास्त पडलं, तरी ती त्याला थांबवायला उठली नाही.

दिवस गेले. फाटकावर ती नीट काम करत होती. पोरंटोरं "कुलूपताई" म्हणायची, तिने कुणाला तसं म्हणू नका म्हणून सांगितलं नाही. मास्तरांच्या लेकीचा अधूनमधून फोन यायचा. बाबा चालायला लागले. बाबांनी नवा चष्मा केला. बाबांनी गल्लीतल्या मुलांना बोलावून शिंगं काढून दाखवली. थंडी सरता सरता एकदा फोन आला. "ताई, बाबा गेले. झोपेत गेले. तुम्हाला सांगायलाच हवं होतं." ताईने यंत्रवत बांबू वर केला, एक गाडी जाऊ दिली, बांबू खाली घेतला. "घरीच होते ना?" तिने विचारलं. "हो, घरीच." "बरं झालं, बाळा," ती म्हणाली. त्या दिवशी तिने घरी कुणाला काही सांगितलं नाही.

उन्हाळ्यात मॅडम परत आल्या. नवी परांची आली, नव्या पेट्या आल्या. एका सकाळी त्या फाटकाशी थांबल्या. "दिवा धरायला माणूस हवंय मला. साहेबांशी बोलले आहे मी. तुझ्या जागी आलेल्या मुलाचा हात हलतो."

"किल्ली त्याच्याकडेच राहू द्या," ताई म्हणाली.

"राहू दे."

दोघी गुहेत गेल्या. भिंतीचा वरचा सगळा भाग काळा होता, तव्याच्या बुडासारखा. मॅडम परांचीवर चढल्या, कापूस भिजवला आणि एका कोपऱ्यात टेकवला. चोळायचं नसतं, टेकवायचं आणि उचलायचं. बोळा काळा झाला. दुसरा घेतला. तोही काळा. मग तिसरा. ताई खालून दिवा धरून उभी होती. तासभर असंच चाललं.

मग मॅडमनी भिंतीवरची नजर न हलवता विचारलं, "ते गृहस्थ बरे आहेत ना आता? मास्तर?"

ताईने दिवा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"गेले, मॅडम. थंडीत. घरी होते, झोपेत गेले. लेक जवळ होती."

मॅडमचा हात भिंतीपासून बोटभर अंतरावर थांबला. खाली घळीत ओढ्याचा बारीक आवाज येत होता. मग त्यांनी तो बोळा बाजूला ठेवला, पेटीतून नवा उचलला आणि भिजवला.

"दिवा जरा वर घे," त्या म्हणाल्या.

ताईने दिवा वर धरला.